थांबा हं, जाळं ओढतेय

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी कपडे धुतले. दळण आणलं. शेगडी पुसली. दुपारी डबा – भेंडी आणि वरण.

चारच्या सुमारास बेल वाजली. दारात गुणाबाई! भावना गेल्यापासून त्या या घरी आल्याच नव्हत्या. लेकीच्या घराकडे आईचा पाय उचलत नाही, असं भावनाचा भाऊ प्रितम म्हणाला होता. आज आल्या. चपला काढल्या, तिच्या फोटोकडे पाहिलंही नाही, सरळ खुर्चीवर बसल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बगा. पांढरं."

'टोपली' उघडत होती. म्हणजे उघडत नव्हती. ही साइट भावनाने आईसाठी आणि धक्क्यावरच्या बाकीच्या बायकांसाठी केली. बोट लागली की बायका आपापली मासळी त्यावर टाकतात, उलवे-कामोठे-पनवेलची गिऱ्हाइकं मागणी देतात, प्रितम टेम्पोने पोचवतो. पहिली दोन वर्षं छान चाललं. आता निम्म्या फोनवर नुसतं पांढरं पान. कितीतरी वेळाने भावनाची डुलणारी होडी आली आणि खाली तिची ओळ –

थांबा हं, जाळं ओढतेय…

आम्ही दोघं ती ओळ वाचत बसलो. मासळी आलीच नाही.

मग त्या बोलल्या. एका कंपनीचं अ‍ॅप आहे. त्यांची माणसं धक्क्यावर येऊन गेली. किलोवर घेणार, त्यांच्या पिशवीत भरणार, त्यांच्या नावाने विकणार. घरातली माणसं मोजून लावलेला वाटा नाही, विकणाऱ्या बाईचं नाव नाही. बायकांना ते नकोय. पण पांढऱ्या पानाकडे बघत तरी किती दिवस बसणार!

"मार्गशीर्ष सुटला की पयला रविवार. अख्खं पनवेल मासलीवर तुटून पडतंय त्या दिशी. तवा जर ह्ये पांढरं दिसलं, तर बंद करा, जावय. मी काय बोलनार नाय. माज्या लेकीचा हाय म्हनून बायकांचा धंदा बुडवू काय?"

मी म्हणालो, "बघतो."

चहाही नको म्हणाल्या. भावना असताना मी त्यांना आई म्हणायचो. आता तो शब्द तोंडातून निघत नाही – 'तुम्ही'वर भागवतो. त्यांच्या लक्षात आलं असेल.

१ डिसेंबर, सोमवार

ऑफिसचं काम घरूनच. ते उरकून भावनाचा कोड उघडला. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. हात लावायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं. लावला नव्हता एवढंच.

किती नीटनेटका! प्रत्येक गोष्टीला नाव. मासळी दाखवणाऱ्या भागाचं नाव तिने चक्क 'पाटी' – आईच्या डोक्यावरची – ठेवलंय.

कारण लगेच सापडलं. सगळं रेंडरिंग – पान बनवायचं काम – क्लायंट-साइड, गिऱ्हाइकाच्या फोनवर. म्हणजे सर्व्हर रिकामं पान पाठवतो, आणि सोबत जावास्क्रिप्टचं गाठोडं. फोनने ते गाठोडं उतरवायचं, सोडायचं, वाचायचं, मग सर्व्हरला पुन्हा विचारायचं – आज मासळी काय? – आणि मग पान स्वतःच बनवायचं. चांगल्या फोनवर हे कळतही नाही. जुन्या फोनवर, उलव्याच्या नव्या टॉवरांमध्ये जिथे लिफ्टजवळ गेलं की रेंज जाते – तिथे कल्याण! शिवाय गाठोडं वाढतच गेलंय. नकाशा, फोटो मोठे करायचं, सणाला वरून झेंडूची फुलं पडायची – काय काय.

गंमत म्हणजे होडीसुद्धा त्याच गाठोड्यात! 'थांबा' म्हणायलाही फोनला थांबावं लागतं.

२ डिसेंबर, मंगळवार

ठरलं! सर्व्हर-साइड करायचं. पान सर्व्हरवरच पूर्ण बनवायचं – मासळीची नावं, फोटो, वाटे, बायकांची नावं, सगळं भरून – आणि तयार पाठवायचं. फोनने फक्त दाखवायचं. जुना फोन असू दे, फुटका असू दे. भरलेली टोपली थेट दारात!

डबा तसाच राहिला. संध्याकाळी पाहिला तेव्हा वरणावर साय आली होती. बरेच दिवसांनी असं झालं – कामात भूक विसरणं.

सर्व्हर हा माझाच प्रांत. ऑफिसातही मी मागचा माणूस. पडद्यावर जे हलतं-डुलतं ते भावनाचं. घरातही तसंच होतं. पाहुण्यांशी ती बोलायची, मी आत चहा टाकायचो.

४ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी पूर्वीने फोन केला. ती भावनाची ऑफिसातली मैत्रीण, 'टोपली'ची अर्धी चित्रं तिनेच काढलीत. मी काय करतोय ते सांगितलं. वाटलं, खूश होईल.

"सगळं सर्व्हरवर नेणार? अरे निनाद, तिने ते विचार करून केलं होतं!"

मग वाद. तिचं म्हणणं – क्लायंट-साइडमध्ये एकदा पान उघडलं की पुढे सगळं झटपट. पापलेटवरून सुरमईवर जा, परत या, पान पुन्हा आणावं लागत नाही. "बाजारात फिरल्यासारखं वाटायला हवं, असं ती म्हणायची. तुझ्या पद्धतीत प्रत्येक टिचकीला माणूस परत दुकानाच्या दारात!"

मी म्हणालो, "दारातच दुकान बंद दिसतंय, तर आत फिरणार कोण?"

मग म्हणाली, "आधी गाठोडं हलकं करून बघ ना."

वीसेक मिनिटं भांडलो. भावनाबद्दल एवढं सलग कुणाशी बोललो नव्हतो. म्हणजे तिच्याबद्दल नाही – तिच्या कोडबद्दल.

६ डिसेंबर, शनिवार

पूर्वीचं ऐकलं. नकाशा काढला. झेंडू काढले. (झेंडू काढताना जरा थांबलो.) गाठोडं निम्म्याहून हलकं!

प्रितमला उलव्यात एका नव्या टॉवरच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उभं केलं, त्याचा जुना फोन घेऊन. "भावोजी, वॉचमन इचारतोय काय करतोयस. काय सांगू?"

"सांग, मासळी बघतोय."

"पार्किंगमंदी?"

आधीपेक्षा बरं. पण अजूनही पांढरं, मग होडी, मग कशीबशी मासळी. रविवारच्या गर्दीत हे टिकणार नाही. पूर्वीला कळवलं. तिने नुसतं 'हं' लिहिलं. मग थोड्या वेळाने – 'कर मग सर्व्हरवर. पण तिचं फिरणं ठेव.'

ठेवणार! पहिलं पान सर्व्हरचं, पुढचं फिरणं फोनचं. दोन्ही!

९ डिसेंबर, मंगळवार

आज पान आलं! सर्व्हरवरून, भरलेलं! फोनवर टिचकी मारली आणि समोर बोंबील, मांदेली, कोळंबी, प्रत्येकीखाली बाईचं नाव. मध्ये काही नाही. टेबलावर हात आपटला. शेजारच्यांना वाटलं असेल काय झालं!

प्रितमला पार्किंगमधून उघडायला सांगितलं. वॉचमन आता त्याचा दोस्त झालाय.

"दिसला! भावोजी, लगेच दिसला!" मग जरा वेळाने – "पन दाबलं तर हलत नाय."

"काय हलत नाही?"

"काहीच. 'घ्या' दाबतोय, दाबतोय. मेल्या माशावानी हाय – डोले उगडे, हालचाल नाय."

अरे! लक्षातच आलं नाही. पान दिसतंय ते सर्व्हरमुळे, पण बटणांत जीव येतो जावास्क्रिप्ट पोचल्यावर. तोवर बटण म्हणजे नुसतं चित्र. पांढरं पान निदान खोटं तरी बोलत नव्हतं!

प्रितमने जाता जाता आणखी एक सांगितलं. मागणी देताना 'किती जणांसाठी?' असा प्रश्न येतो ना, तिथे आधीच 'दोन' भरलेलं असतं. लोक बदलायचं विसरतात. "कामोठ्याला भाड्यानं एकटी ऱ्हानारी पोरं हायत, त्यांच्याकडं दोघांचा वाटा जातोय. मग घासाघीस. त्या ठिकानी एक टाका ना."

बघतो म्हणालो.

तो प्रश्न गुणाबाईंचा. त्या कधी किलोत विकत नाहीत. गिऱ्हाईक समोर आलं की विचारतात – घरात किती मानसं? – आणि तेवढा वाटा लावतात. वर एखादा बोंबील, पोराबाळांचा. भावनाने तेच साइटवर घेतलं. आणि 'दोन' तिने घातलं. मी विचारलं होतं, दोनच का? तर म्हणाली, "आपण दोघं आहोत म्हणून. बाकीच्यांनी बदलावं."

१० डिसेंबर, बुधवार

बटण सुधारलं! अगदी साधी युक्ती. 'घ्या' हे आता साधा फॉर्म आहे – जावास्क्रिप्ट पोचो न पोचो, दाबलं की मागणी थेट सर्व्हरला. जावास्क्रिप्ट पोचली की मग पुढचं सगळं मऊसूत. इतक्या जुन्या पद्धतीचं काम की पूर्वी हसली – "आपण जन्मायच्या आधीचं वाटतंय." चालतंय मात्र!

प्रितम: "जिवंत झाला!"

तपासणीसाठी मी दिवसभर खोट्या मागण्या देत होतो. बोंबील, दोन. मांदेली, दोन. सगळ्या दोन.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एक गोष्ट चार दिवस पाहूनही पाहिली नव्हती. होडी येत नाही.

अर्थात येत नाही! पान भरलेलं येतं, तर थांबायचं कशाला? थांबायचं नाही तर होडी कशाला? आणि ती ओळ कशाला?

दुपारी जुनी आवृत्ती उघडली. नेटवर्क मुद्दाम मंद केलं. पांढरं – पांढरं – मग होडी. थांबा हं, जाळं ओढतेय… मासळी आल्यावर पान पुन्हा उघडलं. पुन्हा. पुन्हा.

मग ऑफिसची मीटिंग लागली.

१३ डिसेंबर, शनिवार

पूर्वीला विचारलं, ओळीचं काय करू. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लोडर, ते थांबायला सांगणारं चित्र, दिसू नये म्हणूनच तर आपण राबतो, निनाद."

"माहितेय."

"तुला माहितेय का तिने ती ओळ का लिहिली? मी म्हटलं होतं, नुसती होडी पुरे. ती म्हणाली, गिऱ्हाइकाला गप्प उभं ठेवायचं नाही. आई मासे कापताना तोंडाने बोलत असते – आता देते हं, झालंच हं. माणूस थांबतो तो त्या बोलण्यावर."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं गंमत म्हणून लिहिलीय.

उद्या रविवार. मार्गशीर्षामुळे गिऱ्हाईक निम्मं – नव्या पानाची परीक्षा घ्यायला बरं. एक सुधारणा आणखी केली: सकाळी मासळी टाकली की दुपारपर्यंत यादी फारशी बदलत नाही. मग प्रत्येकासाठी नवं पान कशाला शिजवायचं? एकदा बनवायचं, तयार प्रत ठेवायची, येईल त्याला तीच द्यायची. वेग असा की पूर्वीही म्हणाली, "बाप रे!"

१४ डिसेंबर, रविवार

घोटाळा! महाघोटाळा!

सकाळी साइट पळत होती. मी चहा घेत आकडे बघत होतो, एकदम खुशीत. तेवढ्यात प्रितमचा फोन – "भावोजी, माजं नाव कृष्णकांत कवापासून झालं?"

पान उघडलं की साइट ज्याला त्याला नावाने नमस्कार करते. उघडून पाहिलं. मलाही – 'नमस्कार, कृष्णकांत! नेहमीचंच? बोंबील, दोन जणांसाठी.'

सगळ्यांना! पनवेलात, उलव्यात, कामोठ्यात – ज्याने ज्याने उघडलं त्या प्रत्येकाला! सकाळी सर्वांत आधी साइट उघडली ती या कृष्णकांतांनी. सर्व्हरने त्यांच्यासाठी पान बनवलं – त्यांच्या नावासकट – आणि माझ्या हुशारीने त्याचीच तयार प्रत सगळ्यांना वाटली.

हे कृष्णकांत कोण? कामोठ्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. मार्गशीर्षभर मासळी सोडलीय असं त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं, लक्ष्मीच्या फोटोसकट. आणि निम्मी सोसायटी 'टोपली'ची गिऱ्हाईक!

घाईघाईने तयार प्रत बंद केली. मग गुणाबाईंना फोन लावला. माफी मागायची होती. त्यांच्याकडे आधीच त्या गृहस्थांचा फोन येऊन गेला होता.

"काय म्हणाले?"

"बायको आंघोल करून आली, पोथी वाचायच्या आदी फोन उगडला, आन नवऱ्याचा नाव बोंबलाशेजारी!"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी बोलले, शेट, आता सगल्यांना कळलाच हाय. दोगांचा कशाला, पोटभर घ्या!"

आणि त्या हसल्या. मोठ्यांदा. मागे धक्क्यावरच्या बायकाही हसत होत्या. हसता हसता गुणाबाईंना खोकला आला, तरी थांबेनात. मीही हसलो. कधीचा हसलो नव्हतो, गाल दुखले.

मग त्या एकदम शांत झाल्या. "भावना असती तर…" एवढंच. फोन दोघांनीही लगेच ठेवला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

कृष्णकांतांना स्वतः फोन करून माफी मागितली. दोष पूर्ण माझा, असं सांगितलं. गृहस्थ बरे आहेत. म्हणाले, "झालं ते झालं. पण रविवारी वाटा जरा मोठा लावायला सांगा."

कालचा विचार डोक्यातून जात नाही. चूक कुठे झाली? सगळं पान एकच समजलो. पण पानात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत! मासळी – सगळ्यांची सारखी. नाव आणि 'नेहमीचं' – ज्याचं त्याचं. बाजारात टोपली सगळ्यांपुढे उघडी असते. पण गुणाबाई गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतात ती त्याने तोंड दाखवल्यावर! आधीच नाव घेऊन बसत नाहीत.

म्हणजे यादी सर्व्हरने बनवायची, तयार प्रत ठेवायची, सर्वांना तीच. आणि नावाची ओळ – तेवढीच – फोनने स्वतः भरायची, मागाहून.

म्हणजे तेवढं क्लायंट-साइड!

इतका वेळ आम्ही भांडत होतो – हे की ते. पूर्वी तिच्या बाजूने, मी माझ्या. प्रश्नच चुकीचा! कुठली गोष्ट कुठे बनवायची, एवढाच प्रश्न. फोन केला तर पूर्वी ओरडलीच – "अरे हो! हो!"

आणि मग लक्षात आलं. फोन जोवर नाव आणतोय, तोवर ती जागा रिकामी राहणार. माणूस तिथे गप्प उभा राहणार.

गप्प उभं ठेवायचं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

झालं. वर, नावाच्या जागी, बारीक अक्षरात. होडी नाही, नुसती भावनाची ओळ. आता ती जावास्क्रिप्टच्या गाठोड्यात नाही – पानासोबतच येते, मासळीबरोबर. आधी तिच्यासाठी थांबावं लागायचं. आता ती सगळ्यांत आधी पोचते.

माझ्या फोनवर दिसत नाही. नेट चांगलं आहे, नाव लगेच येतं. बरंच आहे. दिसायला नकोच.

तरी एकदा नेटवर्क मंद केलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अमावस्या. मार्गशीर्ष संपला. प्रितम म्हणतो उधाण मोठं आहे, रविवारी बोटी भरून येतील.

झेंडू परत घातले. पण शेवटी – सगळं पोचल्यावर, फोन निवांत झाला की मग पडतात. ओझं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

सगळं पुन्हा तपासलं. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या फोनवर. पूर्वी वाशीहून आली, तिच्या आईचा, मावशीचा, घरकाम करणाऱ्या बाईंचा असे फोन पिशवीत घालून! खिडकीत रांगेने मांडले. एकेकावर उघडत गेलो – प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव, कुठेही कृष्णकांत नाही.

मी चहा केला. तीन कप काढले गेले. पूर्वीने पाहिलं. मी तिसरा उचलून परत ठेवला.

जाताना म्हणाली, "उद्या नाही चाललं तरी…"

"चालेल," मी म्हणालो.

२१ डिसेंबर, रविवार

चाललं! चाललं चाललं चाललं!

सकाळी पहिली बोट लागली आणि मासळी साइटवर चढायला लागली – बोंबील, मांदेली, करंदी, चिंबोऱ्या. मग मागण्या! आधी एक-एक, मग नुसता पाऊस. पनवेल, कामोठे, उलवे – उलवे! तुटलेलं उलवं परत आलं! मी श्वास रोखून सर्व्हरकडे बघत होतो. तो आपला निवांत, तयार प्रत वाटतोय. एक पांढरं पान नाही!

'किती जणांसाठी?' – पाच, चार, सहा, नऊ! एकाने अठरा टाकले. प्रितमने फोन करून खात्री केली – "लगीन हाय काय ओ?" तर गृहस्थ म्हणाले, महिनाभराचं उपासाचं राहिलेलं भरून काढतोय! कृष्णकांतांनी मागणी दिली – सात.

अकराच्या सुमारास गुणाबाईंचा फोन. मागे गलका – बर्फ फोडल्याचा आवाज, बायकांची ओरड, "ए बर्फ इकडं दे!" त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"जावय! दिसली!"

"काय दिसलं?"

"हितं धक्क्यावर नेटची रेंज धड नाय ना. मासली आली लगेच, समदी आली. पन वर माज्या नावाच्या जागेवर – ती दिसली. थांबा हं, जाळं ओढतेय. तिच्यावानीच. येलभर ऱ्हायली. मग माजं नाव आलं."

मागून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्या तशाच बोलत राहिल्या.

"मला वाटलं, ती ओळ काडली तुमी. सगला नवीन केला तवा."

"नाही काढली, आई," मी म्हणालो.

शब्द निघून गेल्यावर माझ्या कानावर आला. त्यांनाही ऐकू गेला असावा, कारण फोनवर नुसता बर्फ फोडल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाल्या, "बरं. ठेवते. गिऱ्हाईक हाय."

२२ डिसेंबर, सोमवार

कंपनीची माणसं आज धक्क्यावर आली होती. बायकांनी चहा पाजून परत पाठवलं. प्रितमने सांगितलं. आई त्यांना म्हणाल्या म्हणे – "आमची टोपली हाय."

पूर्वीला कळवलं. तिने फक्त होडीचं चित्र पाठवलं.

२४ डिसेंबर, बुधवार

प्रितमने पुन्हा विचारलं, ते 'दोन'चं काय. म्हणालो, असू दे. फॉर्मच्या वर एक ओळ मोठ्या अक्षरात घातलीय – आपल्या घरी किती जण, ते टाका. आता लोक बदलतात.

डबेवाल्या काकूंना सांगितलं, रविवारी डबा नको.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी साइट उघडली. तपासायला नाही – घ्यायला. गुणाबाईंचे बोंबील. 'किती जणांसाठी?' तिथे दोन होतं. बोट ठेवलं. एक केलं.

प्रितम पिशवी देऊन गेला. वर एक बोंबील जास्त होता.

ओट्यावर ठेवून साफ केले. भावना असताना कधी केले नव्हते. काटा नीट निघाला नाही. रव्यात घोळवले, तव्यावर टाकले. वास घरभर झाला. खिडकी उघडली नाही.

एकाचंच ताट वाढून घेतलं आणि जेवलो.